उन्हात टांगलेल्या पट्ट्या

बीडजवळच्या पाली गावात आमच्या गच्चीवर दोरीला रंगीत पट्ट्या टांगलेल्या दिसतात. नव्या माणसाला वाटतं, कुणाचा तरी नवस आहे. एकदा कुरिअरवाला चप्पल काढून जिना चढला. त्याला खरं काय ते सांगायला मला दहा मिनिटं लागली, आणि सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे देवाचं काही नाही?"

देवाचं काही नाही. त्या नायलॉनच्या पट्ट्या आहेत. मी जे कापड रंगवतो त्याची दोन बोटं रुंदीची पट्टी कापून ठेवतो. निम्मी पत्र्याच्या तुकड्याखाली झाकायची, निम्मी उन्हात सोडायची, आणि रोज सकाळी पत्रा उचलून दोन्ही भाग बघायचे. एकसारखे दिसले की चहा गोड लागतो. उघडा भाग फिका दिसला की त्या दिवशी जेवण जात नाही. आता खांदा वर जात नाही, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, पण पत्रा उचलायचं सुटलेलं नाही. का सुटलं नाही ते सांगायलाच लिहायला बसलोय. सवय नाही. सातवीत शाळा सुटली. कुठं घसरलो तर सांभाळून घ्या.

काम तसं छोटं आहे. डोंगर चढणारी, रानात मुक्काम करणारी काही माणसं आपल्या पाठपिशव्या, तंबू, झाडाला बांधायचे झोळे स्वतः शिवतात, नाहीतर ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेतात. त्याला हलकं, चिवट नायलॉन लागतं. ते पांढरं मिळतं, पण हव्या त्या रंगात मिळत नाही. कारखाना एका रंगात हजारो मीटर काढतो आणि यांना हवं असतं चार मीटर. ते चार मीटर मी घरी रंगवून देतो. मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर, गॅसची शेगडी, स्टीलचा मोठा टोप आणि एक काठी, एवढाच माझा कारखाना. टोपाच्या कानाला लाल दोरी बांधलेली आहे. म्हणजे हा टोप रंगाचा, यात कुणी चुकूनही भात टाकायचा नाही. ही दोरी बायकोनं पहिल्याच दिवशी बांधली आणि तेव्हापासून त्या टोपाला ती हात लावत नाही.

मी मूळचा इकडचा नाही, भंडाऱ्याकडचा. घरात कोशाच्या रेशमाचं विणकाम होतं. माग बंद पडला आणि मी सुरतेला रंगाच्या कारखान्यात लागलो. वीसेक वर्षं तिथं टोप ढवळले. तो कारखानाही बंद झाला तेव्हा गावी जायला तोंड नव्हतं, आणि गावात माझं कुणी उरलंही नव्हतं. कारखान्यासमोरच्या गल्लीत रशीदभाई शिलाई करायचा. बॅगा, गाड्यांची कव्हरं. मूळचा बीडचा. परत गावाकडं निघाला तेव्हा मला म्हणाला, "चल बे बीडला. पानी कमी हाय, पन मानसं हायत."

पाण्यावर ज्याचं पोट, त्याला असं सांगून कुणी बोलावलं नसेल. तरी आलो. पहिले दोन महिने त्याच्या घरी जेवलो. त्याच्या अम्मीनं एकदाही विचारलं नाही की हा किती दिवस राहणार. मी मात्र रोज स्वतःला विचारायचो. इतकी वर्षं झाली, आजही दारात कुणी न बोलता उभं राहिलं की मी हातातलं काम खाली ठेवतो. वाटतं, 'आता जा' असं सांगायला आलाय.

रशीदभाई मला मास्तर म्हणतो. सुरतेत जो रंग ठरवतो त्याला मास्तर म्हणायचे. मी तिथं मास्तर नव्हतो, मास्तरांच्या हाताखालचा होतो. पण भाईनं एकदा गिऱ्हाइकापुढं म्हटलं आणि तेच चिकटलं.

आता रंगवायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. नायलॉन रंग धरतं ते गरम आणि आंबट पाण्यात. चायनीजच्या गाड्यावर व्हिनेगरची बाटली असते ना, तिच्या थोरल्या भावावर आमचं काम चालतं. कापड आधी कोरडं तोलायचं, मग साबणात धुवायचं. रंग तोलून, गरम पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून टोपात टाकायचा. कापड कोमट पाण्यातच सोडायचं आणि पाणी हळूहळू तापवायचं, आंबट थोडं थोडं घालत. घाई केली की रंग जिथं आधी टेकतो तिथंच बसतो आणि कापड बांड्या गायीसारखं होतं. तासभर काठी थांबवायची नाही. शेवटी टोप जागच्या जागी निवू द्यायचा. गरम नायलॉन एकदम गार पाण्यात टाकलं तर जी चुणी पडते ती कापडाबरोबरच जाते.

यात एक गोष्ट अशी आहे, की तिच्यासाठीच मी इतकी वर्षं टिकलो म्हटलं तरी चालेल. रंग नीट बसला की पाणी मोकळं होतं. तासापूर्वी शाईसारखं असलेलं पाणी नितळ होतं, टोपाचा तळ दिसायला लागतो. सगळा रंग कापडात गेलेला असतो. तेच पाणी मी पुढच्या कापडाला वापरतो. सुरतेत याला कंजूषपणा म्हणायचे. बीडात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकानं रंग सांगितला, "पाऊस पडून गेल्यावर खडक दिसतो तसा." मी विचारलं, कुठला खडक? त्यानं खरंच खडकाचा तुकडा कुरिअरनं पाठवला. तो आला वाळून. मग मी त्याच्यावर पाणी मारत, बघत, पुन्हा मारत रंग जुळवला. एका बाईंनी शिवून तयार केलेला तंबू पाठवला. मी प्रत्येकाला बजावतो की शिवायच्या आधी द्या. तापलं की कापड जरा आवळतं, आणि दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, त्याला आमचा रंग लागत नाही. त्यांनी ऐकलं नाही. हिरव्या तंबूवर सगळीकडं पांढरे टाके, ऑपरेशन झाल्यासारखे. मला दोन दिवस झोप नाही. त्यांचा फोन आला, "काका, किती सुंदर! टाके मुद्दाम पांढरे ठेवलेत ना?"

मी हो म्हटलं.

हे असं 'हो' माझ्या तोंडून फार लवकर येतं. तंबूच्या वेळी त्यानं कुणाचं बिघडलं नाही. एकदा मात्र बिघडता बिघडता राहिलं.

तात्या मेंढरंवाले. दिवाळी झाली की कळप आणि बिऱ्हाड घेऊन गेवराईकडं, गोदावरीच्या अंगाला उतरतात. गेल्या वर्षी निघायच्या आधी ते रशीदभाईच्या दुकानात आले आणि घोंगडं खाली न ठेवताच म्हणाले, "रशीदभाई, लांबून दिसंल असं कायतरी शिवून दे."

मी तिथंच रंगवलेलं कापड पोचवायला गेलो होतो. आधल्या वर्षी हायवेच्या कडेनं कळप नेताना त्यांच्या भावाला मागून गाडीनं उडवलं होतं. जीव वाचला, पाय गेला.

"रात बी न्हवती," तात्या म्हणाले. "उजाडल्तं. धुकं हुतं, पन गाडीवाल्यानं दिवे बंद केल्ते. म्हनतो, मानूस दिसलाच न्हाई. आन् खोटं न्हाई त्याचं. घोंगडं मातीचं, मेंढरं मातीची, मागं रान बी मातीचं. कसा दिसंल? आता कळपाच्या मागं सून चालती माजी, सुभद्रा."

भाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. "आपला मास्तर हाय की! असा रंग देईल तात्या, सुभद्रा गेवराईत उभी राह्यली तर बीडातून दिसंल."

तीन खोळी ठरल्या. डोक्यावरून घेऊन पाठीवर गुडघ्यापर्यंत सोडायच्या, दवालाही चालतील आणि अवकाळी आला तर त्यालाही. माझ्याकडं सुरतेहून आणलेला चमकत्या नारिंगीचा डबा होता. तो टोपात टाकला. कापड बाहेर काढलं तेव्हा अंगणात दुसरं ऊन पडल्यासारखं झालं. भाईनं खोळी शिवल्या, पाणी आत झिरपू नये म्हणून ब्रशनं पातळ सिलिकॉन मारलं, पाठीवर ट्रकला लावतात ती चकाकणारी पट्टीही शिवली. पण ती पट्टी दिव्याच्या उजेडात चकाकते. दिवसाच्या गाडीला दिवे नसतात. दिवसा जे करायचं ते माझ्या रंगानंच करायचं होतं.

आणि मला एक गोष्ट आठवत होती. सुरतेचे मास्तर चमकत्या रंगांचे डबे वेगळ्या फळीवर ठेवायचे. म्हणायचे, "हे लग्नातल्या ओढणीचे रंग. यांना ऊन दाखवू नकोस." टोपातलं पाणी मोकळं होत होतं तेव्हाच मला ते आठवलं. खोळी देताना तर शब्द अगदी ओठावर होते. तात्या खोळ अंगावर घेऊन दुकानाच्या आरशात बघत होते. भाई कौतुकानं माझ्याकडं बघत होता. भाईनं गिऱ्हाइकापुढं दिलेला शब्द मी कसा खाली पाडू? ज्याच्या घरचं दोन महिने जेवलो त्याचा?

"काय म्हनता मास्तर? कायतरी बोलत हुता?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "धुताना सोडा घालू नका."

तात्या गेले. पट्टी गच्चीवर टांगली. महिनाभर ठीक दिसली. मग उघडा भाग जरा उतरल्यासारखा वाटला, तर मी धूळ म्हणून पुसला. पुन्हा पुसला. एका सकाळी पत्रा उचलला आणि झाकलेला भाग तसाच पेटलेला, उघडा भाग वाळल्या कडब्यासारखा. मी पट्टी काढून खिशात घातली. बायकोला दिसू नये म्हणून तिच्या जागी दुसरी टांगली.

अकरा दिवस ती पट्टी माझ्या खिशात होती. रोज ठरवायचो, आज भाईला सांगू. दुकानात जायचो, चहा प्यायचो, परत यायचो. मनाची समजूत घालायला खूप काही सापडतं. म्हणायचो, तिकडं ऊन इतकं नसेल. म्हणायचो, तात्या खोळ रोज घालत नसतील.

बाराव्या दिवशी सकाळी पालीच्या धरणावर धुकं उतरलं, पलीकडचा काठ दिसेना. मी पट्टी फाटकाबाहेरच्या बाभळीला बांधली आणि मागं मागं चालत गेलो. पावलं मोजत होतो. चाळीसाव्या पावलाला उघडा भाग बाभळीत मिसळून गेला. झाकलेला भाग तेवढा हवेत टांगल्यासारखा दिसत होता. 

अंघोळ न करता बीडला गेलो आणि पट्टी भाईच्या मशीनवर ठेवली.

"कवापासनं हाय हे?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस खिशात घेऊन फिरला? कावून बोलला न्हाईस बे?"

"तुमचं नाव गेलं असतं, भाई."

त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "नावावरनं गाडी जात न्हाई, मास्तर. सुभद्रावरनं जाईल."

तासाभरात आम्ही मोटरसायकलवर होतो. माझ्या मांडीवर टोप, टोपात आंबटाचा डबा आणि उन्हाला टिकणाऱ्या रंगांच्या पुड्या. ते रंग चमकत नाहीत, पण सुरतेत माझ्या डोळ्यांदेखत उन्हात टिकलेले होते. गेवराईला चहाला थांबलो तर टपरीवरच्या एका बाईनं टोप बघून विचारलं, "जुन्या कपड्यावर भांडी देता का वो?"

भाई म्हणाला, "आमचं उलटं हाय, आक्का. भांडं आमी नेतो परत, आन् कपडा बी ज्याचा त्याला देतो."

मला हसू आलं नाही. स्टँडवर भाईचा ओळखीचा केळीवाला होता. त्यानं सांगितलं, तात्यांची मेंढरं काल कालव्याच्या बाजूला बसलेली दिसली.

कळप लांबूनच दिसला. मी नारिंगी शोधत होतो. एक ठिपका दिसला असता तरी मी देवाला नारळ बोललो असतो. माणूस म्हणून कुणी दिसेना. गाडी उभी करून रानात उतरलो, बरंच पुढं गेलो, आणि मेंढरांमधून एकदम एक बाई उभी राहिली. सुभद्रा. खोळ तिच्या अंगावरच होती. खोळीचा रंग मागच्या रानाचा होता.

तात्यांनी बसायला घोंगडं टाकलं. मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, "रंग जाऊन किती दिवस झाले?"

"लई दिस झालं," सुभद्रा म्हणाली. "चंपाषष्टीच्या आदीच गेल्ता."

"मग आला का नाहीत, तात्या? निरोप तरी द्यायचा."

तात्या मान खाजवत राहिले. "येनार हुतो. पन खोळी देताना तुमची नजर वर येत न्हवती, मास्तर. म्हनलं, ह्यो मानूस ऐकून झोपायचा न्हाई. आन् रशीदभाईनं एवढ्या मायेनं करून दिलेलं. त्येला नावं कशी ठिवायची?"

मी भाईच्या लाजेनं गप्प, तात्या माझ्या दयेनं गप्प. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे होतो तेव्हा सुभद्रानं काठी जमिनीवर आपटली.

"तुमी बाप्ये बसा एकमेकाची लाज राखत. गाडीपुढं मी चालते. दोन येळा आरसा खांद्याला घासून गेलाय."

त्या काठीच्या टोकाला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली होती. तीच ती चालताना हलवत होती. साधी सुती चिंधी, किती धुतलेली, किती उन्हातली, तरी लांबून दिसेल अशी. मी तीन दगड मांडले, टोप चढवला, तात्यांनी कालव्याचं पाणी आणून ओतलं.

सिलिकॉन बसलेलं कापड रंग आळसानं घेतं. दोन तासांच्या वर लागले. माझा खांदा भरून आला तेव्हा सुभद्रानं न विचारता काठी माझ्या हातातून घेतली. ती माझ्याहून चांगलं ढवळत होती, कढीसारखं, तळापासून. मी फक्त 'थांबू नका' म्हणत होतो आणि ती 'थांबले का?' म्हणत होती. मग पाणी मोकळं व्हायला लागलं. ती टोपात वाकून बघायला लागली.

"गेला कुटं रंग?"

"तुमच्या खोळीत."

पाणी निवल्यावर तिनं काठीनं खोळ वर उचलली. पिकल्या पपईचा रंग. पहिल्यासारखं ऊन नव्हतं त्यात. पण तात्या लांब बांधापर्यंत चालत गेले, मागं वळले आणि तिथून हात वर केला. दिसत होतं.

सुभद्रानं मला विचारलं, "ह्यो किती दिस टिकंल?"

भाई बघत होता. तात्या बांधावरून येत होते. 'हो, टिकेल की' हे शब्द जिभेवर तयार बसलेले होते, नेहमीसारखे.

"दोन पावसाळे," मी म्हटलं. "कदाचित त्याच्या आतच जाईल. मला नक्की सांगता येत नाही. मागच्या वेळी मला माहीत होतं तरी सांगितलं नाही."

 भाईनं खाली बसून टोप पालथा केला आणि राखेनं घासायला लागला.

"टोप लई चांगला हाय," सुभद्रा शेवटी म्हणाली. "आमाला ठिवून जावा."

"नाही देता यायचा. रंगाचा आहे. यात शिजवायचं नसतं."

"आता कसं पटकन खरं सांगितलं," ती म्हणाली, आणि तात्या मोठ्यानं हसले.

निघताना मी खोळीच्या काठाची एक पट्टी कापून तिच्या हातात दिली. "ही डब्यात ठेवा, अंधारात. महिन्याला काढून खोळीशेजारी धरा. जुळली नाही की निरोप पाठवा. मला वाईट वाटेल. वाटू द्या."

तेव्हापासून प्रत्येक पार्सलमध्ये तशी पट्टी आणि तशी चिठ्ठी जाते. बहुतेक जण पट्टी फेकून देत असतील. काही जण फोन करून विचारतात, हा तुकडा कशाला? मी सांगतो. कंटाळा येतो, तेच तेच सांगून घसा दुखतो, तरी सांगतो. रंग किती दिवसांनी जाईल हे सांगणारा रंगारी कुणाला आवडत नाही. काही गिऱ्हाइकं तेवढ्यानं तुटली. भाई म्हणतो, जाऊ दे. त्याच्या 'जाऊ दे' वर मी इथं इतकी वर्षं राहिलोय.

गेल्या आठवड्यात सुभद्राच्या गावाकडून एक पिशवी आली. वर डझनभर केळी, खाली फडक्यात बांधलेले दोन तुकडे, एकमेकांना गाठ मारलेले. एक डब्यातली पट्टी, एक खोळीच्या काठाचा ताजा कापलेला. एक पावसाळाच झालाय. मी ते दोन्ही फाटकाबाहेरच्या बाभळीला बांधले आणि मागं मागं चालत गेलो. चाळीस पावलांवर दोन्ही दिसत होते. साठावरही दिसत होते. फरक होता, पण इतका थोडा की मी कदाचित धूळ म्हणून पुसला असता. तिनं पुसला नाही. गाठ मारून पाठवला.

दिवाळी झाली की तात्यांचं बिऱ्हाड उतरेल गेवराईकडं, त्याच्या आधी खोळी पुन्हा रंगवायला यायच्या आहेत. टोप घासून ठेवलाय. डाव्या खांद्याला आता काठी पेलत नाही. भाईला तसं सांगितलं, अकरा दिवस न थांबता, त्याच दिवशी सांगितलं. तर म्हणाला, "मी येतो ढवळायला. मास्तरच्या हाताखाली."